भिंतीपलीकडच्या म्हाताऱ्याविषयी खुलासा

मंगळवार, दुपारचे तीन

तीर्थस्वरूप दादा यांस,

भिंतीच्या अलीकडून धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष साष्टांग घालायला आमच्या मधल्या खोलीत तेवढी लांबी राहिलेली नाही, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घ्यावा.) आपली प्रकृती कशी आहे, असं विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, एरवी मला ती चांगली माहीत आहे. सकाळचा पहिला ठसका सहाला यायचा तो हल्ली पावणेसातला येतो, म्हणजे खोकला उतरणीला लागला. गुडघ्याचं औषध आपण पोटात न घेता गच्चीवरच्या कुंडीत ओतता आणि कुंडीतलं झाड सध्या जोमात आहे, हेही समजलं. वहिनी आणि आमची ही रोज एकाच वेळी गच्चीवर कपडे वाळत घालायला जातात आणि दोन पंचे वाळत घालायला त्यांना तासभर लागतो, त्यामुळे दोन्ही घरांत बातम्यांची टंचाई अशी नाही. अकरा वर्षं बोलणं बंद आहे ते फक्त आपल्या दोघांचं.

(हे 'आपण' काही मला झेपत नाही. ज्याने मला सायकल शिकवतो म्हणून नेलं आणि उतारावर मागून हात सोडून दिला, त्याला 'आपण' कुठल्या तोंडाने म्हणायचं? यापुढे 'तू' म्हणतो. राग आला तर जुन्या रागात घालून टाक, तिथे जागा असेल.)

नऊ इंचांच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या माणसाला मी पोस्टाने पत्र पाठवतोय, याचं तुला हसू येईल. येऊ दे. पण प्रसंगच तसा आहे. गेल्या रविवारी दुपारी सव्वाचारच्या सुमाराला, तुझ्या रेडिओवरच्या बातम्या चालू असताना, आमच्या बाजूने एक पुरुषी आवाज ओरडला की भिंत फोडा, म्हातारा आत एकटाच आहे! त्यावर एका बाईचा आवाज शांतपणे म्हणाला की थांबा, आधी त्याच्याजवळ काय काय आहे ते बघू. हे तू ऐकलंस, लगेच रेडिओ बंद केलास, आणि सोमवारी वहिनींनी गच्चीवर आमच्या हिला फार आडवळणाने विचारलं की तुमचा मुलगा वाईट संगतीला तर लागला नाही ना. तू उशाशी रेडिओच्या तारा जोडायची तुझी ती सोल्डरिंगची सळई घेऊन झोपतोस, असंही कळलं. (ती गरम व्हायला सात मिनिटं लागतात, दादा. दरोडेखोराला तोवर बसवून ठेवणार आहेस का?) तर तो म्हातारा तू नव्हेस, एवढा खुलासा करण्यापुरतंच हे पत्र आहे. दुसरा काहीही हेतू नाही.

तो ओरडणारा आवाज दाताच्या डॉक्टरांचा. माणूस अत्यंत सौम्य. दवाखान्यात पेशंटला 'जरा आ करा' म्हणतानासुद्धा यांनाच लाज वाटते. पण दर रविवारी तीन ते सहा ते आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसतात आणि त्या वेळात ते सात फूट उंचीचे, हातात कुऱ्हाड घेतलेले रानटी योद्धे असतात. शांत आवाजाच्या बाई सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं देतात-घेतात, रविवारी मात्र त्या कुलपं उघडणाऱ्या नामांकित चोर असतात. आमचा मुलगा वैदू होतो. (जखमा बऱ्या करणं हे त्याचं काम, पण कुणी जखमी झालं की त्याला हलवून जागं करावं लागतं.) आणि हा सगळा कारभार चालवते आमची सूनबाई, जी आठवडाभर प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासते. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, मी आता हे करतो, मी आता ते करतो असं तोंडाने म्हणायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशांनी ठरवायचं, असा तो खेळ. पट नाही, सोंगट्या नाहीत म्हटलं तरी चालेल, हरणं-जिंकणंही धड नाही. मी पहिले चार महिने वर्तमानपत्राआडून ऐकत होतो आणि माणसं चांगली शिकलेली आहेत, काय यांच्यावर ही वेळ आली, असं मनात म्हणत होतो.

आता या खेळात तळघराला फार मान. ही मंडळी त्याला डंजन म्हणतात. जमिनीखाली भुयारं, खोल्या, खोल्यांत राक्षस, राक्षसांमागे खजिना. यावरून त्यांच्यात तट पडलेले आहेत. वाचनालयाच्या बाईंचं म्हणणं, तळघरं आता पुरे झाली, गोष्ट कशी राजवाड्यात, बाजारात, चार माणसांत घडली पाहिजे, जिथे बोलायला कुणी असतं. डॉक्टर म्हणतात, मी आठवडाभर लोकांशी गोड बोलतो, मला रविवारी तळघरच पाहिजे. सूनबाईने दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाहेरच्या जगात यांना सोडलं की हे एका खानावळीत शिरतात आणि तीन रविवार तिथून हलत नाहीत. तळघरात कसं, डावीकडे एक दार, उजवीकडे एक दार, काहीतरी ठरवावंच लागतं. मला हे पटलं. (पटलं, पण मी तसं म्हणालो नाही. सुनेचं पहिल्या झटक्यात पटलं असं दाखवू नये.)

मग एके दिवशी सूनबाईने मला विचारलं की बाबा, तुम्ही जन्मभर नकाशे पाहिलेत, आम्हाला एक तळघर काढून द्याल का. दादा, छत्तीस वर्षं मी नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी खात्यात लाल पेन्सिल चालवली. लोक मला पाठीमागे 'हरकतसाहेब' म्हणायचे, हे तुला माहीत आहे (तूच ते घरी आणलंस). इतक्या वर्षांत लोकांनी माझ्यासमोर नकाशे ठेवले ते हात जोडून, कुणी 'काढून द्याल का' म्हणालं नव्हतं. मी दहा दिवस बसलो. ड्रॉइंगबोर्ड माळ्यावरून खाली आला. एकास पन्नास प्रमाण, उत्तर दिशेचा बाण, कोपऱ्यात तक्ता, सगळं रीतसर. अठरा बुटके राक्षस कायम वास्तव्याला म्हणजे तीन संडास आले, ते दिले. जमिनीखालचं बांधकाम म्हणून हवेसाठी चार धुराडी, पाण्याला उतार. सूनबाईच्या मूळ टिपणात तीस फुटी ड्रॅगन होता आणि त्याच्या खोलीला दार तीन फुटी! मी सूनबाईला विचारलं, हा आत गेला कसा? ती म्हणाली, लहानपणी गेला असेल. मी म्हटलं, असली उत्तरं मी बिल्डरांकडून खूप ऐकलीत. त्याला उतरता रॅम्प आणि बारा फुटी शटर दिलं.

आणि नियमाप्रमाणे संकटकाळी बाहेर पडायला दुसरी वाट दिली. दीड मीटर रुंद, पायऱ्यांना कठडा, वर ठळक पाटी. चूक झाली ती तिथे. कारण सूनबाई नकाशावर लिहिलंय ते इमानाने वाचून दाखवते. ज्या डोंगराच्या पोटात हे तळघर होतं तिथे मंडळी पोहोचली, वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, आम्ही मागून एक चक्कर मारतो. मागे पाटी. 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. येथे सामान ठेवू नये.' बाहेर पडता येतं तिथून आत शिरताही येतं, हे छत्तीस वर्षांत माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. ती वाट मी सर्वांत महत्त्वाच्या खोलीला जोडलेली, म्हणजे खजिन्याच्या. चार रविवार पुरेल असं ठरलेलं तळघर वीस मिनिटांत संपलं. अठरा राक्षस आपापल्या हवेशीर खोल्यांत बसून राहिले, ड्रॅगनला तर कुणी येऊन गेल्याचं कळलंही नाही. चहा उकळायचा होता तोवर मंडळी खजिना घेऊन बाहेर. डॉक्टरांचा चेहरा पाहवेना. कुऱ्हाड एकदाही उगारायला मिळाली नाही बिचाऱ्याला.

मला सगळ्यांनी फार समजावून सांगितलं की काका, तळघर राहायला सोयीचं असून चालत नाही. तिथे माणूस अडकला पाहिजे. वाटा मध्येच संपल्या पाहिजेत, खोल्यांना उजेड नको, एक जिना तरी उगाच असावा. मी आठवडाभर फुगून बसलो. (आमची ही म्हणाली, फुगा, पण जरा बाजूला सरकून फुगा, केर काढायचाय.) मग म्हटलं ठीक आहे, ज्या नकाशावर मी जास्तीत जास्त हरकती घेतल्या असत्या असाच काढतो. आणि दादा, हात आपोआप चालत गेला. एका लांबट बोळाला शेवटी नुसतीच भिंत. मधल्या खोलीला खिडकी नाही. मोरीत जायचं तर स्वयंपाकघरातून. जिना वर जातो आणि अर्ध्या गच्चीवर संपतो. सूनबाईने वाहवा केली, इतकं दुष्ट तळघर तिने पाहिलं नव्हतं. चहा ठेवायला आलेल्या आमच्या हिने कागदाकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कपबशा जरा आपटूनच ठेवल्या. घर आपलंच होतं. निम्मं. भिंतीच्या पलीकडचं मी कोरं ठेवलं होतं, कारण तिकडे हल्ली काय कसं मांडलंय ते मला माहीत नाही.

गेल्या रविवारी मंडळी त्यात उतरली. मला सल्लागार म्हणून सूनबाईशेजारी खुर्ची. पहिल्या तासात त्यांनी आमची पुढची खोली जिंकली, मोरीत डॉक्टरांना काहीतरी चावलं, मुलगा नेहमीसारखा उशिरा जागा झाला. मग बोळाच्या टोकाला आले. असल्या ठिकाणी यांची एक रीत आहे. आडवी भिंत दिसली की सरळ मागे फिरायचं नाही, आधी ठोकून बघायचं, कान लावायचा. वाचनालयाच्या बाईंनी ठोकलं. सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पोकळ लागतंय. बाई म्हणाल्या, म्हणजे इथे पूर्वी दार होतं. बिजागऱ्या कुठल्या बाजूला होत्या?

आता तूच सांग, मी काय उत्तर देणार होतो! साऱ्या जगात हा एकच प्रश्न असा आहे की ज्यावरून आपण अकरा वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. तुझ्या रेडिओ दुरुस्तीचं बाक तू आपल्या मधल्या दाराआड मांडलंस, दार निम्मंच उघडायला लागलं. मी म्हटलं, दार पूर्ण उघडलं पाहिजे आणि ते बाहेर पडायच्या दिशेनेच उघडलं पाहिजे, म्हणजे तुझ्या बाजूला, नियम आहे. तू म्हणालास, मग बिजागऱ्या फिरव आणि तुझ्या बाजूला उघड, मी बाक हलवणार नाही. मी म्हटलं, नियमात बसत नाही. तू म्हणालास, तुझा नियम घाल चुलीत. मी म्हटलं, त्यापेक्षा दारच नको. तू म्हणालास, मग घाल भिंत. मी दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला. दादा, खरं सांगतो, तू येऊन थांबवशील म्हणून बोलावला होता. तू आलास, ओळंबा धरून पाहिलास, भिंत अर्धा सूत (म्हणजे इंचाचा सोळावा हिस्सा!) कललीय म्हणालास आणि निघून गेलास. तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं ते. अकरा वर्षं मी त्या भिंतीसमोर जेवतोय आणि दर घासाला माझा राग 'घाल भिंत'चा नाही, 'कललीय'चा आहे.

बाईंच्या प्रश्नावर मी चिवड्याची बशी पुढे सरकवली. मग डॉक्टर म्हणाले, मी कान लावतो, काय ऐकू येतं? आणि माझ्या तोंडून निघून गेलं की खोकला. म्हातारा माणूस असावा. चार वाजून दहा मिनिटांनी तो रेडिओ लावतो आणि बातम्या संपल्या की बंद करतो. मध्येच कुठल्यातरी यंत्राचा स्क्रू खाली पडतो आणि तो पुटपुटत शोधतो. हे मी बराच वेळ सांगत होतो म्हणे. मुलगासुद्धा जागा होता. तेवढ्यात डॉक्टरांच्या अंगात तो रानटी संचारला आणि त्यांनी ती आरोळी ठोकली, जी तू ऐकलीस. तर असा तो म्हातारा. तो तू नव्हेस असं मी वर लिहिलंय, ते तसंच राहू दे. पत्रात खाडाखोड मला आवडत नाही.

मला एकीकडे आपलं लहानपण आठवत होतं. तू त्या खोलीत, मी या खोलीत, मध्ये ते दार. फळीवर एकदा ठोकलं की 'जागा आहेस का', दोनदा ठोकलं की 'गप्प बस'. मी रोज एकदा ठोकायचो. तू दोनदा. तुझ्याकडून एकदा ठोकल्याचं मला तरी आठवत नाही. पण दोनदा आलं की मला बरं वाटायचं आणि झोप लागायची, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

सूनबाईने डॉक्टरांना बसवलं. या खेळात कुणी अनोळखी भेटलं की लगेच कुऱ्हाड चालवायची नसते, आधी दोन फासे टाकतात. दान लहान पडलं तर तो अंगावर येतो, मोठं पडलं तर या बसा म्हणतो, आणि मधलं पडलं तर तो नुसता आपल्या जागी उभा राहून तुमच्याकडे बघत राहतो. (आपण दोघे अकरा वर्षं त्या मधल्यावर आहोत.) ती म्हणाली, बाबा, तळघर तुमचं, फासे तुम्ही टाका. मी फासे हातात घेतले आणि मला ते टाकवेनात. गंमत वाटेल तुला, प्लास्टिकचे दोन हिरवे ठोकळे, पण हात वर जाईना. मी म्हटलं, पुढच्या रविवारी. आणि खिशात घातले. तेव्हापासून ते माझ्या सदऱ्याच्या खिशात आहेत, सदरा धुवायला टाकायला आमची ही मागतेय आणि मी देत नाही.

असो. आवाजाचा त्रास झाला त्याबद्दल क्षमस्व. डॉक्टरांना हळू ओरडायला सांगितलं आहे. वहिनींना नमस्कार, कुंडीतल्या झाडाला आशीर्वाद.

तुझा,
हरकतसाहेब

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. काल मी जेवणाचं टेबल जरा ओढून भिंतीला ओळंबा लावला. अर्धा सूत नाही. पाऊण सूत कललीय.

ता. क. २. आणखी एक. त्या भिंतीमुळे आमच्या बाजूला फक्त रस्त्याकडचं दार राहिलं आणि तुझ्या बाजूला फक्त परसाकडचं. म्हणजे दोन्ही घरांची दुसरी वाट मीच बुजवली. असा नकाशा कुणी माझ्यासमोर आणला असता तर मी त्याच्या तोंडावर फेकला असता. तेव्हा दार पूर्वीच्या जागी पूर्ववत करावं असा माझा तुझ्याकडे अर्ज आहे. बिजागऱ्या फिरवू. दार माझ्या बाजूला उघडू दे, बाक हलवू नकोस. नियमात बसत नाही, पण माझी हरकत नाही. ('हरकत नाही' हे दोन शब्द छत्तीस वर्षांत मी कुणाच्याही नकाशावर आनंदाने लिहिले नव्हते.) फोडायला माणूस बघायला नको, कुऱ्हाडवाले डॉक्टर उतावीळ होऊन बसलेत.

ता. क. ३. मंजूर नसेल तर वरची ता. क. वाचलीच नाही असं समज, पत्र फक्त आवाजाबद्दल आहे. मंजूर असेल तर रविवारी तीनला ये, रस्त्याने वळसा घालून यावं लागेल तूर्तास. त्या म्हाताऱ्याचं काम करायला कुणीतरी हवंय. मुलगा करून बघतो म्हणाला, पण त्याला तसं खोकता येत नाही.

ता. क. ४. पाकिटात घालण्याआधी पत्र एकदा मोठ्याने वाचून पाहिलं. (लिहितानाही मोठ्यानेच बोलत होतो म्हणे. आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, पोस्टाचं तिकीट कशाला वाया घालवता.) 'तसं खोकता येत नाही' इथवर आलो आणि भिंतीवर तुझ्या बाजूने ठोकल्याचा आवाज आला. मी मोजलं. दोनदा.

बसतो गप्प, दादा. फासे टाकायची गरज उरली नाही, सदरा आत्ताच धुवायला दिला.